टोळी कशावर टिकते: बीडच्या मुकादमाचा इतिहास

बीड जिल्ह्याच्या नेतृत्वाचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा व्यासपीठापासून सुरुवात करतो. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे, भगवानगडावरचा दसरा मेळावा, कोयता बंदची हाक, कारखान्यांच्या साखर संघाबरोबरच्या वाटाघाटी. हा इतिहास खरा आहे आणि महत्त्वाचाही आहे. पण मेळाव्याला आलेली माणसं दसरा-दिवाळी झाली की ज्याच्या मागोमाग ट्रकमध्ये बसून कोल्हापूर, सांगली, पुणे, सोलापूरच्या आणि थेट कर्नाटकातल्या फडांत जातात, तो माणूस या इतिहासात क्वचितच येतो. आला तरी खलनायक म्हणून येतो. ऊसतोडीचा मुकादम तो हाच. माणसं गोळा करायची, पहाटे फडावर उभी करायची, त्यांच्यातली भांडणं मिटवायची, कारखान्याशी आणि शेतकऱ्याशी त्यांच्या वतीनं बोलायचं, कुणी आजारी पडलं तर काय करायचं ते ठरवायचं, ही सगळी कामं पिढ्यान् पिढ्या त्याच्याकडे आहेत. कामाच्या जागी एखादा माणूस पुढारी कशानं होतो, हे तपासायचं तर मुकादमाला वगळून चालणार नाही. मुकादमाची टोळी उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या, पैशावर टिकते, अशी सर्वमान्य समजूत आहे. मला ती अर्धीच खरी वाटते. उचलीवर टोळी जमते. टिकते ती मुकादमाच्या काही सवयींवर. आणि आपल्या साखरधंद्यानं टोळी जमवण्याचा मोबदला ठरवून दिला, टिकवण्याचा कधी ठरवलाच नाही.

या धंद्याचं मूळ जमिनीत आहे. बालाघाटच्या रांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. एकीकडे गेवराई-माजलगावची गोदाकाठची काळी जमीन, दुसरीकडे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या बाजूचा हलका, मुरमाड पट्टा. पाऊस सरासरीनं सातशे मिलिमीटरच्या आतला, तोही भरवशाचा नाही. खरीप हाती आलं की पुढचे सहा-सात महिने कोरडवाहू घराला काम नसतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हद्दीपलीकडे, इंग्रजी अमलातल्या नगर आणि पुणे जिल्ह्यांत, नीरा आणि प्रवरेच्या कालव्यांनी ऊस उभा केला होता. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याच पट्ट्यात हरिगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीच्या प्रवरा सहकारी कारखान्याचं गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झालं, आणि त्या धर्तीवर पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक कारखाने उभे राहिले. ऊस तिकडे आणि रिकामे हात इकडे, अशी विभागणी तेव्हाच पक्की झाली. १९७२ च्या दुष्काळानं ती आणखी घट्ट केली. आता अंबाजोगाई, गेवराई, माजलगावलाही कारखाने झाले, माजलगाव धरणाचं पाणी आलं, तरी डोंगरपट्ट्यातली माणसं बाहेर जातातच.

हंगामापुरतं घर सोडून बैलांसह बाहेर पडणं या माणसांना नवं नव्हतं. वंजारी आणि बंजारा हे दोन वेगळे समाज, पण बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहण्याचा व्यवसाय दोघांच्याही मागे आहे. दख्खनमधल्या फौजा या तांड्यांच्या धान्यावर जगत. १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीची इंग्रजी फौजही त्याला अपवाद नव्हती. तांड्याचा एक नाईक असे. वाट कुठली धरायची, मुक्काम कुठे टाकायचा, सौदा कितीला करायचा, आपसातला तंटा कसा तोडायचा, हे तो ठरवी. पण तो स्वतः त्याच वाटेनं, त्याच बैलांमागून चालत असे. पक्क्या सडका आणि रेल्वे आल्यावर हा व्यवसाय मोडला. तांड्याचा नाईक ते टोळीचा मुकादम असा सरळ वारसा कागदोपत्री दाखवता येत नाही. ऊसतोडीच्या टोळीत मराठा, दलित, धनगर, मुसलमान सगळेच असतात, त्यामुळे तो एका समाजाचा वारसा म्हणणंही बरोबर नाही. तरी घडण सारखी आहे, हे नजरेआड करता येत नाही. पहिल्या पिढ्यांत बैलगाडीवाल्या टोळ्यांचं चलन होतं, आणि तिथला मुकादम बहुधा स्वतःची बैलजोडी घेऊन आलेला, टोळीतलाच एक गाडीवान असे. स्वतः कोयता न चालवणारा, गावात बसून फोनवर तीन कारखान्यांना टोळ्या पुरवणारा मुकादम ही पुढची गोष्ट आहे.

कारखान्याला मुकादम लागतोच कशाला? उत्तर प्रदेशात शेतकरी आपला ऊस आपणच तोडतो किंवा तोडवून घेतो आणि पर्ची आली की कारखान्यावर नेऊन टाकतो. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च शेतकऱ्याच्या ऊसदरातून वळता होतो. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणजे हजारो एकरांवर विखुरलेल्या फडांतून रोज ठरलेल्या टनांचा ओघ गव्हाणीपर्यंत पोचला पाहिजे. त्यासाठी हजारो माणसं लागतात, आणि ती आपल्या हजेरीपटावर घ्यायची कारखान्याची तयारी नव्हती. घेतली असती तर भविष्यनिर्वाह निधी, विमा, राहण्याची सोय, अपघाताची भरपाई हे सगळं मागोमाग आलं असतं. म्हणून करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी झाला, आणि ऊस तोडणारा माणूस कारखान्याच्या कागदात कुठेच उरला नाही. जबाबदारी टाळण्यासाठी केलेल्या या रचनेतच मुकादमाचा अधिकार जन्माला आला. मालकानं सोडून दिलेलं प्रत्येक काम त्याच्या अंगावर पडलं, आणि ते तो कसं करतो यावर माणसांचे सहा महिने सुखाचे की दुःखाचे हे ठरू लागलं.

व्यवहाराची रीत अशी. पावसाळ्यात, घरात दाणा-पैसा नसताना, मुकादम जोडीला उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. दहा-वीस कोयत्यांची टोळी. फडावर गेल्यावर किराणा-दुखण्यासाठी खर्ची मिळते, दर पंधरवड्याला बिल निघतं आणि उचल-खर्ची फिटेपर्यंत ते वहीतच जिरतं. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं मजुरीत ३४ टक्के वाढ दिली आणि टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ च्या घरात गेला. एका जोडीनं लाखाची उचल घेतली असेल तर या दरानं ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज पावणेदोन टन धरले तर १५६ दिवस. कारखाना बहुतेकदा त्याआधीच बंद होतो, मधले पावसाचे आणि दुखण्याचे दिवस वेगळे, खर्ची वेगळी. म्हणून पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी कित्येक घरांची बाकी फिरते आणि पुढच्या वर्षीच्या नावावर चढते. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याला जे रोखायचं होतं, त्याच्या फार जवळ जाणारी ही अवस्था आहे.

एवढं पाहिल्यावर टोळी कर्जानं बांधलेली असते, हे म्हणणं पटण्यासारखंच आहे. पण फडांतला एक नेहमीचा व्यवहार त्याच्या आड येतो. जोडीची बाकी दुसरा मुकादम भरून देतो आणि ती जोडी आपल्याकडे घेतो. कर्ज तेवढंच राहतं, धनी बदलतो. उलट बाजूनं, दोन मुकादमांकडून उचल घेऊन एकाकडेही न गेलेल्या जोड्या आणि उचलीचे पैसे घेऊन परागंदा झालेले मुकादम यांच्या फिर्यादी दर हंगामात पोलीस ठाण्यांत दाखल होतात. कर्जात बांधून ठेवण्याची ताकद असती तर यातलं काहीच घडलं नसतं. म्हणजे एकाच मुकादमाकडे तीच घरं वर्षानुवर्षं का जातात आणि दुसऱ्याची टोळी दर साली का फुटते, याचं उत्तर उचलीच्या आकड्यात सापडत नाही. ते फडातल्या वागण्यात शोधावं लागतं.

त्यासाठी फडातलं काम जवळून पाहिलं पाहिजे. पहाटे चार-पाचला तोड सुरू होते. थंडीत पाचट दवानं भिजलेलं असतं आणि त्याची धार हाताला कापते. बुडखा धरून जमिनीलगत कोयता घालायचा, शेंड्याचं वाढं छाटायचं, ऊस सोलायचा, मोळ्या बांधायच्या. बांधण्याचं काम बहुतेक बाईकडे. गाडी रात्री कितीही वाजता येवो, तेव्हा उठून डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं. मजुरी टनावर असल्यानं फड कसला मिळतो यावर सगळं ठरतं. उभा, सरळ ऊस भराभर उरकतो. वाऱ्यानं लोळलेला, एकमेकांत गुंतलेला ऊस तोडायला दुप्पट वेळ जातो, दर मात्र तोच. बरा मुकादम टोळी उतरवण्याआधी स्वतः फड पाहून येतो. ऊस पडका आहे, गाडी बांधापर्यंत येत नाही, पाणथळ आहे, हे कारखान्याच्या चिटबॉयला आणि शेतकऱ्याला आधी सांगतो, जादा पैसे ठरवून घेतो, मगच कोयते लावतो. वाईट पातीवर रोज तीच जोडी येणार नाही हे बघतो. काट्यावर स्वतः उभा राहतो, कारण काटामारी झाली तर ती सगळ्यांच्या ताटातून जाते. आणि पंधरवड्याला वही उघडून प्रत्येकाचे टन, खर्ची, बाकी सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला आपला हिशोब चारचौघांत ऐकायला मिळतो, तेव्हा त्याला त्यावर बोलताही येतं. वही बंद ठेवणारा मुकादम कितीही गोड बोलला तरी पट्टा पडताना त्याच्याकडे भांडणं होतातच. फड आधी पाहणं, अवघड काम वाटून देणं, वरच्याशी आपल्या माणसांसाठी भांडणं आणि हिशोब उघडा ठेवणं, या सवयींना उचलीसारखे पैसे लागत नाहीत. लागते ती रोजची मेहनत, आणि काही वेळा कारखान्याची नाराजी पत्करण्याची तयारी.

इतिहासात अशा मधल्या माणसाची दुसरी उदाहरणं आहेत. मुंबईच्या कापडगिरण्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडच्या मजुरांना जॉबरच कामाला लावी, कर्ज देई, खोली मिळवून देई आणि त्यावर आपला हात मारी. १९२९ ते १९३१ या काळातल्या व्हिटली आयोगानं या पद्धतीवर कडक टीका केली. पण राजनारायण चंदावरकरांनी गिरणगावाच्या इतिहासात दाखवलं, की जॉबरची सत्ता वाटते तेवढी निरंकुश नव्हती; माणसांचा विश्वास उडाला तर मालकाच्या लेखी त्याची किंमतही उरत नसे, आणि संपाच्या वेळी त्याला मजुरांच्या बाजूनं उभं राहावं लागे. सिलोनच्या चहामळ्यांत हेच काम कंगाणी करी. मजुराचं कर्ज लिहिलेला टुंडू नावाचा कागद एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात फिरे. तो कागद १९२१ मध्ये रद्द झाला, पण चहाचे मळे त्यानं बंद पडले नाहीत. मुंबईत १९५० च्या सुमारास बदली कामगारांच्या भरतीची रीतसर व्यवस्था झाली आणि जॉबरचा भरतीवरचा ताबा सैल झाला. दोन्ही ठिकाणी कर्ज आणि भरती ही सत्ता त्या माणसाकडून काढली गेली, तरी काम चालवून घेणारा अनुभवी माणूस लागतच राहिला. बीडमध्ये मात्र कर्ज देणं, भरती करणं, काम करून घेणं आणि हिशोब ठेवणं या चारही गोष्टी आजही एकाच हातात आहेत.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल, की पिळवणूक करणाऱ्याला पुढारी म्हणून मी त्याला प्रतिष्ठा देतो आहे. आक्षेप हलका नाही. कामावर न आलेल्या दिवसाचा खाडा, म्हणजे दंड, टोळीत लावला जातो, आणि तो सर्वांत जास्त बाईवर पडतो. तिचं दुखणं, तिची पाळी, तिचं बाळंतपण या सगळ्याचा हिशोब रुपयांत होतो, आणि वहीत नाव मात्र नवऱ्याचं असतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले; त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. यामागे खासगी दवाखान्यांचा लोभ आहे, लहान वयातली लग्नं आहेत, फडावर पाणी आणि संडास नसणं आहे. पण एक दिवस घरी राहिलं तर खाडा, ही भीतीही आहे, आणि तो खाडा मुकादमच लावतो. हे सगळं मान्य करूनच मी म्हणतो, की मुकादमाचं वागणं तपासलं पाहिजे. त्याला केवळ शोषक म्हणून बाजूला सारलं की खाडा लावणारा आणि न लावणारा यांतला फरक दिसेनासा होतो, आणि त्या बाईच्या दृष्टीनं तर सगळं त्या फरकावरच अवलंबून असतं. दुखण्याच्या दिवशी टोळीनं तिची पात आपसात वाटून घ्यायची असा पायंडा पाडणारा मुकादम आणि वहीत भोपळ्याऐवजी दंड लिहिणारा मुकादम, या दोघांना एकाच नावानं हाक मारून आपण वाईट माणसाची सोय करतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. उचल बंद केली तर कुणी फडावर जाणारच नाही, असं ते सांगतात. पावसाळ्यात बियाणं, मुलीचं लग्न, दवाखाना यांसाठी एकरकमी पैसा लागतो हे खरं आहे, आणि तो बँकेतून मिळत नाही हेही खरं आहे. पण कर्जाची गरज एक, आणि कर्ज देणाऱ्याच्याच हाताखाली राबण्याची सक्ती वेगळी. याच जिल्ह्यानं रोजगार हमीची कामं पाहिली आहेत. १९७२-७३ च्या दुष्काळात पाझर तलावांवर, रस्त्यांवर, खडी फोडायला माणसं कुठलीही उचल न घेता हजारोंनी गोळा झाली, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला पुढे कायद्याचं रूप मिळालं. तिथेही मुकादम होता, पण मस्टरवर प्रत्येकाचं स्वतंत्र नाव होतं, बाईचंही. त्या कामांतही खोटी मस्टरं झाली, मजुरी थकली, हे विसरता येणार नाही. तरीही उचलीशिवाय टोळी उभीच राहत नाही हे विधान त्या अनुभवापुढे टिकत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एका माणसाच्या सवयींनी काय होणार, सगळी रचनाच तशी आहे, असा तो आहे. माझं उत्तर असं, की रचना कुठल्या सवयींना पैसे देते हेच तर पाहायचं आहे. मुकादमाचं कमिशन मजुरीच्या टक्क्यांत मिळतं. २०२४ च्या लवादात ते १९ वरून २० टक्के झालं. २० टन तोडणाऱ्या टोळीमागे ते दिवसाला सुमारे १,४६४ रुपये होतं. हे पैसे टन वाढले की वाढतात. हिशोब उघडा ठेवला म्हणून किंवा कुणाची बाकी फिटली म्हणून त्यात एक रुपयाची भर पडत नाही. उलट बाकी राहिली तर जोडी पुढच्या वर्षी हाताशी राहते. चांगला मुकादम चांगला राहतो तो स्वतःच्या पदरचं नुकसान सोसून. संघटनांनीही या प्रश्नाला हात घातला नाही, कारण अनेक संघटनांच्या नावातच ऊसतोड कामगार आणि मुकादम शेजारी शेजारी आहेत. दरवाढ आणि कमिशनवाढ एकाच मागणीपत्रात जाते. कोयता बंदच्या वेळी ही एकी कामी आली आणि तिच्याशिवाय दर वाढले नसते. गोपीनाथ मुंडे स्वतः परळीच्या वैद्यनाथ कारखान्याचे संस्थापक होते आणि ऊसतोड कामगारांचे नेतेही. दोन्ही बाजू कळणारा माणूस तडजोड घडवू शकतो, हे त्यांच्याबाबतीत दिसलं. पण तडजोड नेहमी दराची झाली. फडातल्या वागण्याची कलमं करारात आली नाहीत.

आता हार्वेस्टर फडात उतरले आहेत आणि सरकार त्यांना अनुदान देतं. यंत्राला सरळ, पट्टा पद्धतीनं लावलेला मोठा फड लागतो. लोळलेला ऊस, लहान तुकडे, ओढ्याकाठची रानं अजून कोयत्याकडेच राहतील, म्हणजे अवघड ते माणसांच्या वाट्याला येईल. अशा वेळी फड आधी पाहून भाव ठरवणारा मुकादम पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालं आहे, ओळखपत्रं आणि मुलांसाठी वसतिगृहं यांची सुरुवात झाली आहे. तेवढ्यावर न थांबता साखर संघाबरोबरच्या पुढच्या करारात काही कलमं मागायला हवीत. प्रत्येक जोडीला नवरा आणि बायको दोघांच्या नावाची हिशोबाची पुस्तिका, आणि पंधरवड्याला त्यात कारखान्याच्या काट्याचे आकडे. पडक्या उसाला वेगळा दर. आजारपणाच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांना खाडा नाही. उचल मुकादमाऐवजी महामंडळाच्या हमीवर बँकेतून. आणि कमिशनचा एक हिस्सा टनांवर न देता, हंगामाअखेर टोळीतल्या किती जोड्या बाकीशिवाय घरी परतल्या यावर. दर पदरात पाडून घेणाऱ्या संघटनांना ही कलमं मागणं अशक्य नाही. त्यासाठी त्यांना आधी आपल्याच मुकादम सभासदांशी बसून बोलावं लागेल, आणि वही उघडी ठेवणाऱ्या मुकादमांकडून तरी त्याला विरोध होईल असं मला वाटत नाही.